ताटीबाहेर बसून राहणं



आजचा विषय जड आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाचं आधी सांगतो. हे वाचताना तुमच्याच मनात "आता जगायचं नाही" असे विचार येत असतील, तर चिंतन नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२, ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८. खोलीत एकटे असाल तर उठा, दार उघडा आणि कुणाजवळ तरी जाऊन बसा. रूममेट, शेजारच्या काकू, वॉचमनकाका, कुणीही चालेल. लेख कुठे पळून जात नाही.

आता आजचा पाठ.

आजचा पाठ : ताटीचे अभंग

ताटी म्हणजे झोपडीचं दार. आळंदीतली ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानोबांचं मन दुखावलं. ते घरी आले, आत गेले आणि ताटी लावून घेतली. धाकटी बहीण मुक्ताई दाराशी आली आणि बाहेर बसून दादाला विनवू लागली. तेच ताटीचे अभंग. प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच एक विनवणी येते, दार उघड म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट करू या. ही आत्महत्येची कथा नाही आणि तिला तसा रंग देऊ नये. ही माणसाने मनाचं दार लावून घेण्याची कथा आहे. पण जीव संपवण्याचा विचार करणारा माणूस सहसा त्याआधी तेच करतो, दार लावून घेतो. फोन उचलत नाही, ग्रुपवर बोलत नाही, मेसला यायचं बंद करतो, "काही नाही रे, ठीक आहे" एवढंच म्हणतो. म्हणून मुक्ताईने दाराबाहेर बसून काय केलं, हे आपण शिकायला हवं.

ज्या ज्ञानोबांनी साऱ्या विश्वासाठी पसायदान मागितलं, त्यांनाही एक दिवस दार लावून घ्यावंसं वाटलं, हे परंपरेने लपवलं नाही. उलट जपलं, गायलं. तुकोबांचंही तसंच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं घर मोडलं, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. ते दुःख त्यांनी अभंगांत उघडपणे मांडलं. तेव्हा "भक्त असून तुला निराशा कशी येते?" हा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तर साधं आहे: संतांनाही आली होती.

या घराला दुःख नवं नव्हतं

ताटीमागचा संदर्भ आपण बऱ्याचदा घाईत ओलांडतो. या चार भावंडांचे आईवडील, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई, संन्यासातून परत संसारात आले म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकलं. परंपरा सांगते की मुलांना तरी स्वीकारतील या आशेने त्यांनी विचारलं, तेव्हा देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा मिळाला आणि त्या दोघांनी देह ठेवला. मागे राहिली चार पोरं. तरीही लोकांनी त्यांना लगेच जवळ केलं नाही.

या प्रसंगाला कुणी त्यागाचा मुलामा देऊ नये. त्या मृत्यूने मुलांचा प्रश्न सुटला नाही. मुलं पोरकी झाली. यातून आपण एक गोष्ट घ्यायची: माणूस जगतो की मोडतो, हे त्याच्या एकट्याच्या मनोबलावर ठरत नाही. भोवतालच्या लोकांनी दार उघडं ठेवलं की लावून घेतलं, यावरही ते ठरतं. गावाने दार लावलं, तेव्हा एक कुटुंब उद्ध्वस्त झालं. मुक्ताई दाराशी बसून राहिली, तेव्हा ताटी उघडली.

आज हे का बोलायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. म्हणजे आपल्या राज्यात रोज साठाहून जास्त घरं. आणि आपलं पुणे म्हणजे घर सोडून आलेल्या तरुणांचं शहर. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेच्या तारखांची वाट बघणारे, हिंजवडीत रात्रीच्या शिफ्टला जाणारे, प्लेसमेंटची यादी लागली की स्वतःचं नाव शोधणारे. गर्दी भरपूर असते, पण संध्याकाळी "जेवलास का?" विचारणारं माणूस नसतं.

मुक्ताईने काय केलं?

१. ती दाराशी गेली. "त्याला थोडा वेळ एकटं राहू दे, होईल आपोआप ठीक" असं म्हणून थांबली नाही. मित्राच्या वागण्यात बदल दिसला, तो अचानक आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो" असं बोलायला लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर आपण पुढे जायचं असतं. त्याने बोलावण्याची वाट बघायची नाही.

२. तिने त्याला लाज आणली नाही. मोठ्या भावाला त्याच्या मोठेपणाची आठवण करून दिली, पण प्रेमाने. "अरे, इतकं काय मनाला लावून घेतोस!" असं म्हणणं वेगळं आणि "तू माझ्यासाठी किती मोलाचा आहेस" हे म्हणणं वेगळं. पहिल्याने कडी आणखी घट्ट होते.

३. ती एकदा बोलून उठली नाही. पुन्हा पुन्हा तीच विनवणी केली. आपण काय करतो? एक मेसेज टाकतो, निळ्या टिक आल्या की नाही बघतो आणि उत्तर नाही आलं तर "आपण आपलं काम केलं" म्हणतो.

या तिसऱ्या मुद्द्याला आधुनिक अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने असे रुग्ण निवडले, जे रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार घ्यायला तयार नव्हते. त्यातल्या अर्ध्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. मजकूर दोन ओळींचा: तुमची आठवण आहे, कसे आहात, वाटलं तर कळवा. उत्तराची अपेक्षा नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत, पत्रं न मिळालेल्यांच्या तुलनेत, या गटात आत्महत्यांचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. मुक्ताई बाहेर बसून हेच तर करत होती. मी इथेच आहे, एवढं तिने पुन्हा पुन्हा कळवलं.

विचारायचं कसं?

बऱ्याच जणांना भीती वाटते की आत्महत्येचं नाव काढलं तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार येईल. तसं होत नाही, हे अभ्यासातून दिसलं आहे. उलट, कुणीतरी सरळ विचारलं की आतला माणूस सुटकेचा श्वास सोडतो. इतके दिवस त्याला हे कुणाशी बोलावं कळत नव्हतं.

म्हणून आडवळणाने विचारू नका. शांत जागा बघा, मोबाईल बाजूला ठेवा आणि विचारा: "गेले काही दिवस तू खूप त्रासात दिसतोयस. जीव द्यावा असं मनात येतं का?" मग गप्प बसा. ऐकणं म्हणजे आपली बोलण्याची पाळी येण्याची वाट बघणं नव्हे. मध्ये उपाय सांगू नका, "आईबाबांचा विचार कर" म्हणू नका. त्याने तो विचार शंभरदा केलेला असतो आणि त्यातूनच "मी त्यांच्यावर ओझं आहे" हा निष्कर्ष काढलेला असतो.

उत्तर "हो" आलं तर तीन गोष्टी करा. त्याला एकटं सोडू नका. त्याने काही ठरवलं असेल, तर ज्यातून इजा होऊ शकते ते त्याच्या हाताशी राहणार नाही असं बघा. कारण टोकाची ती लाट बहुतेक वेळा काही तासांत ओसरते आणि तेवढा वेळ काढणं फार मोलाचं असतं. आणि त्याच्यासोबत बसून फोन लावा, डॉक्टरांकडे सोबत जा. "कुणाला सांगू नकोस, शपथ घे" असं तो म्हणेल. ती शपथ घेऊ नका. प्रेमाने सांगा: "तुझी गोष्ट गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला लागेल त्या माणसाला सांगणार." मैत्री तुटेल म्हणून घाबरू नका. रागावलेला मित्र उद्या समजावता येतो.

"नामस्मरण कर, सगळं ठीक होईल"

हे वाक्य आपल्या सत्संगात सहज बोललं जातं. हेतू चांगलाच असतो. पण नैराश्याच्या आजारात सापडलेल्या माणसाला ते वेगळं ऐकू येतं: "तू ठीक नाहीस, म्हणजे तुझी भक्ती कमी पडली." आधीच स्वतःला दोष देणाऱ्याच्या खांद्यावर आपण अजून एक दोष ठेवतो.

वारी आठवा. दिवे घाट चढून आलेल्या वारकऱ्याच्या पायाला फोड येतात. तळावर डॉक्टर असतात, मलमपट्टी करतात, गोळी देतात. "तुझी श्रद्धा खरी असती तर फोड आले नसते" असं कुणी म्हणतं का? मनाचे फोडही तसेच. नाम जरूर घ्या, त्याने धीर येतो. पण सोबत औषध लागेल तर औषध घ्या, समुपदेशकाशी बोला. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन हरिपाठ म्हटला, तर पांडुरंग रागावत नाही.

आणखी एक प्रश्न तरुण साधक कधीकधी विचारतात: माऊलींनीही समाधी घेतलीच ना? माऊली, ही तुलना करू नका. वारकरी परंपरा संजीवन समाधीकडे पूर्ण झालेल्या जीवनकार्याची परिणती म्हणून बघते, संतमंडळींच्या सोबतीतली. वेदना असह्य झाली म्हणून बंद खोलीत एकट्याने घेतलेला निर्णय तसा नसतो. तिथे आजार बोलत असतो. त्या आवाजाला वैराग्य समजू नका.

"पाप" हा शब्दही जपून वापरू या. धाकाने माणूस विचार करायचा थांबत नाही, फक्त बोलायचा थांबतो. कायद्यानेही आता हे ओळखलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. म्हणून "पोलीस केस होईल" या भीतीने कुणाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

पुण्यात कुठे कुठे दार उघडं आहे?

हा भाग सेव्ह करून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, मेसच्या फळ्यावर लावा.

• टेली-मानस : १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास. गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात.

• कनेक्टिंग : ९९२२००४३०५ आणि ९९२२००११२२, दुपारी १२ ते रात्री ८. पुण्यातली ही संस्था २००५ पासून आत्महत्या प्रतिबंधासाठीच काम करते. फोनवर प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. ते सल्ला देत नाहीत, तुम्हाला चूक-बरोबर ठरवत नाहीत. ते ऐकतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांसाठी आणि ज्यांचं माणूस असं गेलं त्यांच्यासाठीही ते आधाराचं काम करतात.

• ससून रुग्णालय, पुणे स्टेशनजवळ : मनोविकार विभाग आहे, सरकारी रुग्णालय असल्याने खर्च परवडतो.

• प्रादेशिक मनोरुग्णालय, येरवडा : नाव ऐकून घाबरू नका. इथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन घरी येता येतं.

• मुक्तांगण, येरवडा : घरात दारू किंवा इतर व्यसनाचा प्रश्न असेल तर. १९८६ पासून हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. व्यसन आणि आत्महत्येचा विचार अनेकदा हातात हात घालून येतात, म्हणून हेही नाव या यादीत.

• स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन : पुण्यातलीच संस्था. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आधारगट. महाराष्ट्रातल्या या चळवळीने आपल्या भाषेला दोन सुंदर शब्द दिलेत. रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. "वेडा" या शब्दाऐवजी हे रोजच्या बोलण्यात आणू या.

• १०९८ : वय अठराच्या आत असेल तर, चाइल्डलाइन.

पहिल्या फोनला कुणी उचललं नाही, किंवा पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर दुसरा नंबर लावा. पायातली चप्पल चावली म्हणून आपण चालणं सोडत नाही, दुसरी बघतो.

आत बसलेल्या माऊलीसाठी

आतापर्यंत बाहेर बसणाऱ्यांशी बोललो. आता दार लावून बसलेल्या तुझ्याशी.

माऊलींच्या पालखी सोहळ्यात एक फार जुनी रीत आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो माणसांचा तो समुदाय क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्यांचीही तिथे घोषणा होते. त्यानंतर आरती.

आरतीच्या आधी तक्रार ऐकून घेणारी ही परंपरा आहे. कुणी म्हणत नाही की हे टाळ वाजवणारे सोहळ्याची शांतता मोडतायत. टाळ वाजवायचा तो त्यांचा हक्कच आहे.

तर तूही टाळ वाजव. कुणीतरी ओळखेल याची वाट बघत गप्प राहू नकोस. फार बोलायची ताकद नसेल तर एवढंच टाइप कर: "मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ येऊन बसशील?" एकाने वाचलं नाही तर दुसऱ्याला पाठव. कुणावर ओझं होत नाहीस तू. दिंडीत पताका एकाच्या हातात कायम राहत नाही. हात भरून आला की शेजारचा घेतो, पुढे तोही दुसऱ्याला देतो. आज तुझा हात भरून आलाय, एवढंच.

मागे राहिलेल्यांसाठी

काही वाचकांच्या घरात हे घडून गेलेलं असेल. तुम्ही आज मुक्ताईची गोष्ट वाचून स्वतःला विचाराल, "मी का नाही बसले दाराशी?" असं करू नका. बऱ्याचदा दार बंद आहे हेच बाहेरून दिसत नाही. जीवाला लावून काळजी घेणाऱ्यांच्या घरातही असं घडतं. तो दोष तुमचा नाही.

आणि बाकीच्यांनी अशा घरी जाताना "असं कसं झालं? चिठ्ठी होती का?" हे प्रश्न बाहेर ठेवून जावं. डबा घेऊन जा, शेजारी बसा, गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या चांगल्या आठवणी काढा. तेराव्यानंतरही जात राहा. सगळे पांगल्यावरच खरी गरज असते. विठ्ठलपंतांच्या पोरांना गावाने जे दिलं नाही, ते आपण द्यायचं.

आजची साधना

आज हरिपाठाआधी तीन गोष्टी करू या.

पहिली, मोबाईलमध्ये १४४१६ आणि कनेक्टिंगचे नंबर सेव्ह करा. स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी, कधी लागेल सांगता येत नाही.

दुसरी, गेल्या महिनाभरात गप्प झालेल्या एका माणसाला फोन करा. फॉरवर्ड नको, फोन. नाही उचलला तर उद्या पुन्हा.

तिसरी, आपल्या भजनी मंडळात, अभ्यासिकेत, सोसायटीत दोन जणांनी ठरवून घ्या: आपल्यातलं कुणी चार दिवस दिसलं नाही, तर त्याच्या दाराशी आपण जायचं.

प्रार्थना

हे मुक्ताई, आम्हाला तुझ्यासारखं बसून राहायला शिकव. दार फोडण्याची घाई नको, निघून जाण्याची घाई त्याहून नको. विठ्ठला, आज रात्री या शहरात जो कुणी कडी लावून बसला असेल, त्याच्या कानावर कुणाची तरी हाक जाऊ दे. ती हाक आमची असेल, तर आमच्या तोंडात प्रेमाचे शब्द दे. आणि आत आम्हीच असू, तर उठून कडी काढण्यापुरतं बळ दे.

राम कृष्ण हरी.